ओझरचं अंगण: पिवळ्या बल्बपासून सेन्सरपर्यंत

निफाड तालुक्यात ऊस आणि द्राक्षबागा घरांना खेटून आहेत. बिबट्या दिसल्याची बातमी ओझरला कुणाला नवी नाही. अंगणात पाऊल टाकण्याआधी तिथं उजेड हवाच. गेल्या वीसेक वर्षांत हा उजेड पिवळ्या बल्बवरून सीएफएलवर आणि तिथून एलईडीवर आला. भिंतीवरचा बोर्ड मात्र तोच राहिला. सेन्सरच्या दिव्यांच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ मला त्या बोर्डातच दिसतं.

1964 मध्ये एचएएलचा मिग विमानांचा कारखाना आला, टाउनशिप वसली, आजूबाजूला बंगले उभे राहिले. हौसेनं बांधलेल्या घरांत पोर्चच्या दिव्याला डिमर असे. संध्याकाळी मंद उजेड, पाहुणे आले की पूर्ण. शंभर वॅटच्या बल्बला ते मानवायचं, कारण तो म्हणजे तापलेली तार. वीज कमी मिळाली की कमी तापणार. डिमर विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा अडवतो आणि उरलेली लाट पुढे सोडतो. आपल्या 50 हर्ट्‌झच्या विजेवर हे सेकंदाला शंभर वेळा चालतं.

भारनियमनाच्या वर्षांत सीएफएल आले. 5 जानेवारी 2015 ला उजाला योजना सुरू झाली आणि एलईडी बल्ब घरोघर पोचले. मागोमाग मोशन सेन्सरचे दिवे आले, आणि जुना बल्ब काढून ते त्याच वायरवर, बोर्डातल्या त्याच डिमरमागे बसले.

मग तीच रड सुरू झाली. अंगणात कुणी नसताना दिवा लागतो, विझतो, परत लागतो. आतला रिले टकटक वाजत राहतो. काही महिन्यांत दिवा बंद. दुकानदाराशी वाद घालून नवा आणावा, तर तोही तसाच जातो. असा दिवा खोलला की कपॅसिटर फुगलेला सापडतो. सेन्सरला दिवा विझलेला असतानाही चोवीस तास 230 व्होल्टची अखंड लाट लागते. डिमर ती तोडतो, आणि तोडलेली लाट परत सुरू होताना व्होल्टेज एकदम उसळतं. तो झटका कपॅसिटरला बसतो. डिमर पूर्ण फिरवून ठेवला तरी बहुतेक डिमर थोडी लाट खातातच. एवढी साधी गोष्ट गिऱ्हाइकाला विकताना कुणी सांगत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

सगळा दोष डिमरचा नसतो, हेही खरं. सेन्सर हलत्या माणसाच्या अंगाची उष्णता मागच्या भिंती-जमिनीपेक्षा वेगळी पडते म्हणून ओळखतो. निफाडच्या कडाक्याच्या थंडीत तो लांबूनच जागा होतो. मे महिन्यात दिवसभर तापलेली फरशी अंगाइतकीच गरम असते, तेव्हा माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. त्यासाठी दिवा बदलू नये, सेन्सिटिव्हिटीचा नॉब फिरवून पाहावा.

डिमर असेल तर वायरमनला बोलवावं. मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री झाली की डिमर काढायचा आणि त्या जागी साधा स्विच बसवायचा. सेन्सरला थेट फेज आणि न्यूट्रल मिळायला हवं. मंद उजेड हवाच असेल, तर कमी वॅटचा दिवा घ्यावा, नाहीतर उजेड कमी-जास्त करायची सोय दिव्यातच असलेला.