परक्या तबकड्या, स्वतःची मैफल

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या घरी न्यायसभाच असते. माळ्यावरची एकेक वस्तू खाली येते, तिच्यावर खटला चालतो आणि बहुतेकींना रद्दीवाल्याची शिक्षा होते. यंदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो भाच्याचा खोका. वीसएक वर्षांपूर्वी इंग्लंडहून परतताना त्याने आणलेल्या चाळीसएक सीडी त्यात होत्या. पुढे तो नोकरीसाठी बंगलोरला गेला आणि खोका आमच्याकडेच राहिला. फोन केला तर म्हणतो, “मामा, द्या टाकून! आता सगळे मोबाइलवर मिळते.”

मी मात्र आरोपीचे वकीलपत्र घेतले. कारण उघड आहे. त्या तबकड्या गेली कित्येक वर्षे मी चोरून ऐकत आलो आहे!

या तबकड्या एकेका गायकाच्या नव्हेत. डीजे मंडळींनी दुसऱ्यांचे संगीत एकात एक गुंफून केलेली ही ‘मिक्स’. हाउस संगीत शिकागोचे, टेक्नो डेट्रॉइटचे; दोन्ही १९८० नंतरच्या दशकातली. प्रोग्रेसिव्ह हाउस वाढले ते १९९० नंतर इंग्लंडात. शब्द जवळजवळ नाहीतच. मिनिटाला सव्वाशे ठोके, म्हणजे तासाला साडेसात हजार! पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला पिठाच्या गिरणीची आठवण झाली. मी म्हणालोही, “अरे, परक्या तबकड्या लावणारा हा कसला कलावंत? आपल्या गल्लीतला लाउडस्पीकरवालाही तेच करतो!”

भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, गाणे कुठे बदलते तेवढे मला सांगा.”

मी कान टवकारून बसलो. वीस मिनिटांनी कळले की दोन गाणी केव्हाच संपून तिसरे सुरू झाले होते. मला पत्ताही लागला नव्हता!

सांध्याची किमया

हे घडते कसे? डीजेपुढे दोन फिरत्या चकत्या असतात. एकीवरची तबकडी सभागृहात वाजते. दुसरीवरची तो फक्त स्वतःच्या कानाला लावून ऐकतो. टेक्निक्स कंपनीचे १९७९ साली आलेले एसएल-१२०० एमके२ हे यंत्र या धंद्यात घरोघरच्या पाट्यावरवंट्यासारखे झाले. त्याच्या सरकत्या दांडीने तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमीजास्त करता येतो. दोन्हींचे ठोके जुळले की दुसरी हळूच आत सोडायची, पहिलीचा खर्ज काढून घ्यायचा, दुसरीचा द्यायचा.

पण खरी मेख पुढेच आहे. तेहतीसची तबकडी चुकून पंचेचाळीसवर लागली की गायकाचे बाळ होते, हे आमच्या पिढीला ठाऊक आहे. वेग वाढला की स्वरही चढतो. सहा टक्के वाढवा, जवळजवळ अर्धा सूर वर! तेव्हा ठोके जुळून भागत नाही. सूरही एकमेकांशी भांडता कामा नयेत. म्हणजे कोणत्या तबकडीनंतर कोणती, ही निवड हीच विद्या. फुले माळ्याची खरी. पण हार ओवणाऱ्याला आपण कलावंत म्हणतोच ना?

माझा निवाडा

आता एकेक साक्षीदार बोलावतो. साशा आणि जॉन डिगवीड या जोडीचा ‘रेनेसाँ: द मिक्स कलेक्शन’ हा तीन सीडींचा संच १९९४ चा. मॅन्सफील्ड या इंग्लंडातल्या कोळसाखाणींच्या मुलुखातल्या गावात रेनेसाँ नावाचा क्लब होता, त्याचे हे नाव. संच ऐतिहासिक खरा. पण मला तो मिठाईच्या दुकानासारखा वाटतो. सगळेच गोड, आणि तीन सीडी भरून!

त्याच जोडीचे १९९६ चे ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ मात्र निराळे. येथे घाई नाही. पहिल्या सीडीची सुरुवात इतकी संथ, की नाचायला आलेला माणूस खुर्ची शोधू लागेल. ठोका हळूहळू उगवतो. विलंबित ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानांना ही चाल लगेच पटते.

‘ग्लोबल अंडरग्राउंड’ ही न्यूकॅसलची मालिका १९९६ पासूनची; प्रत्येक संचाला एका शहराचे नाव. साशाचा ‘इबिझा’ आणि डिगवीडचा ‘हाँगकाँग’, दोन्ही १९९९ चे. सफाई अशी की दाद द्यावीच लागते. पण शहर कुठे आहे? आवरणांची अदलाबदल केली तर हाँगकाँगचे इबिझा झालेले मला तरी कळणार नाही!

याच्या उलट डेट्रॉइटचा जेफ मिल्स. १९९५ साली टोकियोच्या ‘लिक्विड रूम’ क्लबात ध्वनिमुद्रित झालेली त्याची मैफल पुढच्या वर्षी सीडीवर आली. तीन चकत्या आणि तासाभरात तीसपेक्षा अधिक तबकड्या! श्रोत्यांचा गलका ऐकू येतो, तबकडी मागे ओढल्याची खरखर ऐकू येते. सांधे दिसतात, क्वचित उसवतातही. आणि तरी हीच सीडी मी सर्वांत अधिक वेळा ऐकली आहे. चुकण्याची भीती जिथे असते, तिथेच श्रोता श्वास रोखतो.

रिची हॉटिनने २००१ च्या ‘डीई९: क्लोजर टु द एडिट’ मध्ये तबकड्यांचे बारीक तुकडे करून संगणकावर नवीच वीण घातली. बुद्धी थक्क होते. पाय मात्र जागचे हलत नाहीत. साशाने २००४ च्या ‘इन्व्हॉल्व्हर’मध्ये दुसऱ्यांची गाणी नुसती जोडली नाहीत, तर नव्याने घडवली. येथे ओवणाऱ्याने फुलेही रंगवली. ऐकायला सुरेख; पण मूळ प्रश्नच त्याने टाळला!

आणि आज? आज ठोके जुळवण्याचे काम संगणक एका कळीसरशी करतो. चूक होत नाही, पण म्हणून निवड करायची जबाबदारी टळत नाही. उलट तेवढीच आता उरली आहे.

भाच्याचे ‘सगळे मिळते’ हे म्हणणेही तपासून पाहिले. मिक्समधल्या प्रत्येक गाण्याचा मालक वेगळा, परवानगी वेगळी. त्यामुळे जुनी मिक्स मोबाइलवर नेहमीच सापडतात असे नाही. सापडली तरी अनेकदा गाणी सुटी करून मांडलेली असतात. सगळी फुले परडीत आहेत, दोरा तेवढा काढून टाकला आहे!

एवढे युक्तिवाद झाल्यावर सौभाग्यवतींनी तडजोड सुचवली. खोका जाईल, दोन सीडी राहतील. मी ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’ आणि ‘लिक्विड रूम’ उचलल्या. एकीत सांधा दिसत नाही म्हणून, दुसरीत दिसतो म्हणून.

रात्री भाच्याला फोन करून निकाल कळवला. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “मामा, दिवाळीला येतोच आहे. बाकीच्याही ठेवा.”

खोका पुन्हा माळ्यावर गेला आहे.