दाताएवढं कुंभारकाम

लखनौच्या पूर्व टोकाला चिनहट आहे, झिलईदार मातीच्या भांड्यांसाठी नाव असलेलं. त्याच शहराच्या उत्तरेला विकास नगरात कुणाच्या दाढेवर सिरॅमिकची कॅप बसते, तेव्हा तीही भट्टीतूनच आलेली असते. पण तिच्यात चिनीमाती जेमतेम ३ ते ५ टक्के. काही पावडरींत तेवढीही नाही. बहुतेक भाग फेल्स्पारचा, बाकी गारगोटी. फेल्स्पार तापून काचेसारखा होतो, म्हणून कॅपमध्ये दातासारखा प्रकाश शिरतो.

धातूच्या टोपीवर, म्हणजे कोपिंगवर, थर चढतात. पहिला ओपेकचा, धातूचा काळपटपणा झाकणारा. मग डेंटिनचा, दाताचा मूळ रंग देणारा. टोकाकडे पारदर्शक एनॅमल. टेक्निशियन ओली पावडर ब्रशने लावतो, टोपी हलकेच थरथरवून पाणी वर आणतो आणि टिशूने टिपून घेतो. कण जितके दाटीने बसतील तितकं कमी आकसणार. तरीही भट्टीत आकारमान ३० ते ४० टक्के घटतं, म्हणून दात मुद्दाम फुगवून घडवायचा. १७७४च्या सुमारास अलेक्सी दुशातो या फ्रेंच औषधविक्रेत्याने पोर्सेलिनची कवळी करायला घेतली, तेव्हा त्यालाही या आकसण्यानेच रडवलं होतं.

ओला दात थेट भट्टीत सारला तर आतलं पाणी वाफ होऊन थर उडवतं. आधी तो भट्टीच्या तोंडाशी वाळू द्यावा लागतो. घाई इथे महागात पडते. मग ९०० अंशांच्या वर, निर्वात भट्टीत, कारण हवा अडकली तर बुडबुडे राहतात आणि दात धुरकट दिसतो. शेवटची फेरी झिलईची.

खरी मेख मात्र थंड होताना असते. पोर्सेलिन दाब सोसतं, ताण नाही. म्हणून धातू असा निवडतात, की तो गार होताना पोर्सेलिनपेक्षा किंचित जास्त आकसेल आणि वरचा थर कायम दाबाखाली राहील. फरक फार झाला किंवा उलटा पडला, तर तडा आज ना उद्या जातोच. हे गणित जुळवणारी पोर्सेलिनं १९६२च्या अमेरिकी पेटंटांपासून रुळली. त्यांतला ल्युसाइट हा स्फटिक प्रसरण वाढवून ते धातूच्या जवळ आणतो. आता धातूच्या जागी झिर्कोनिया आला, पण तो तापल्यावर धातूपेक्षा कमी फुगतो, म्हणून त्याच्यासाठी पावडरही वेगळी. धातूची पावडर त्यावर चालवणं म्हणजे तड्याला आमंत्रण.

एवढं करूनही रंग चुकला तर सगळं फुकट. दात थोडा वेळ कोरडा राहिला तरी पांढरा दिसू लागतो. तेव्हा डॉक्टर दात घासायला घेण्यापूर्वीच, लिपस्टिक पुसून, दिवसाच्या उजेडात रंग ठरवून घ्या.