मोजाल तेच शिकवाल

ऑनलाइन पत्ते म्हटले की आपल्याकडे आधी पैसे लावून खेळायची रमी आठवते. 'हार्थस्टोन' या खेळाची जात निराळी. ब्लिझार्ड कंपनीने २०१४ साली आणलेल्या या खेळात शेकडो पत्त्यांतून तीस निवडून आपला कॅट आपणच बांधायचा असतो आणि जवळपास प्रत्येक पत्ता स्वतःचा वेगळा नियम घेऊन येतो. अशा खेळाचे नियम वाचून पाठ करणे अशक्यच, म्हणून नवख्याला 'क्वेस्ट' म्हणजे छोट्या कामगिऱ्या दिल्या जातात: अमुक करा, तमुक बक्षीस घ्या. कामगिरीतून माणूस शिकतो यात शंका नाही. मात्र ती काय मोजते, त्यावर तो काय शिकतो हे ठरते, आणि मोजमाप चुकले की शिकवणही चुकते.

'हार्थस्टोन'च्या मूळ रचनेतल्या पहिल्या सहा लढती या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. जेना ही जादूगारीण होऊन आधी हॉगरशी आणि शेवटी इलिडनशी लढायचे. कोणता पत्ता कधी हातात येणार हे आधीच ठरवलेले असे, त्यामुळे नशिबाची लुडबुड नव्हती. पत्ता खेळायला 'मॅना' खर्ची पडतो. तो पहिल्या खेळीला एक, दुसरीला दोन असा दहापर्यंत वाढत जातो. आरंभी एवढेच कळले तरी पुरते. नायिकेची खास शक्ती पुढच्या लढतींत हाती येई. हरले तर तीच लढत पुन्हा. आपल्या अंगणातल्या खेळात लिंबूटिंबूला हेच मिळते: खेळायचे सगळ्यांबरोबर, पण बाद व्हायचे नाही.

गाडी घसरते ती रोजच्या कामगिऱ्यांत. याच खेळात पूर्वी 'मेज किंवा शामन घेऊन दोन डाव जिंका' या कामाला चाळीस सुवर्णनाणी मिळत. नव्या पत्त्यांचे एक पाकीट शंभर नाण्यांचे. मेज आणि शामन हे नायकांचे प्रकार. हेतू चांगला होता, अनोळखी नायक हाताळून बघावा हा. पण अनोळखी नायक घेऊन खेळणारा सुरुवातीला हरणारच, आणि शिकण्याच्या त्या डावांची किंमत शून्य. आणखी एक कामगिरी होती, पाच किंवा त्याहून जास्त मॅनाचे वीस सैनिकांचे पत्ते पटावर उतरवण्याची. ती पुरी करायला नवखा कॅटमध्ये महागडे पत्ते कोंबतो, पहिल्या चार खेळ्या हात बांधून बसतो आणि तोवर प्रतिस्पर्धी पट भरून टाकतो. स्वस्त आणि महाग पत्त्यांचा तोल राखणे हा या खेळाचा पहिला धडा, आणि कामगिरी तोच पुसून टाकते. उलट 'मॅजिक: द गॅदरिंग अरेना' या अशाच दुसऱ्या ऑनलाइन पत्त्यांच्या खेळात, पत्त्यांच्या दोन रंगांपैकी कुठल्याही रंगाचे ठरावीक संख्येने मंत्र टाकण्याची कामगिरी असते. तिथे निकाल मोजला जात नाही, म्हणून हरलेला डावही जमेस धरला जातो आणि नवा रंग अजमावायची भीती उरत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळे लाड कशाला? हरून हरून माणूस आपोआप शिकतो. खरे आहे, पण हरण्याचे कारण कळले तरच. वीस अपरिचित पत्त्यांच्या गर्दीत आपण कुठे चुकलो हे नवख्याला दिसत नाही. एका वेळी एकच गोष्ट पुढे ठेवणारी कामगिरी ते दाखवू शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिकवण हा बहाणा, खरा उद्देश गिऱ्हाइकाने रोज हजेरी लावावी हा. रोज नव्याने येणाऱ्या कामगिऱ्यांपुरता तो मान्यच करावा लागेल. म्हणूनच दोन्हींची गल्लत करू नये. हजेरीची कामगिरी कधीच संपत नाही. शिकवणारी संपली पाहिजे. 'इतके पत्ते टाका' याऐवजी 'प्रतिस्पर्ध्याचा मोठा सैनिक दोन छोट्यांच्या बदल्यात पाडा' असे सांगितले, तर खेळाडूला पटाकडे बघून निर्णय घ्यावा लागतो. हाती आलेला पत्ता आत्ताच का खेळायचा नाही, याचे कारण ज्याला सांगता येते त्याला खेळ आला. कामगिऱ्या रचणाऱ्यांनी मोजायचे ते हे.