एका अर्जामागे 37.4

आधी एक आकडा ऐका: 37.4. अमेरिकेत न्यूरोसर्जरी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूच्या शस्त्रक्रिया, शिकण्यासाठी 2024 साली तिथल्याच ज्या एमडी विद्यार्थ्यांना जागा मिळाली, त्यांच्या अर्जांत सरासरी इतकी संशोधनकामं नोंदलेली होती. सरासरी हं! कुणी 20वर थांबलं असेल, तर ती कसर भरून काढायला कुणीतरी 55वर गेलेलं असणार.

आणि ही मंडळी अजून शिकताहेत. एमडी हा तिथला पहिलाच वैद्यकीय अभ्यासक्रम, चार वर्षांचा. चार वर्षं म्हणजे 1,461 दिवस. भागा त्याला 37.4ने. दर 39 दिवसांनी एक! शरीररचना पाठ करायची, वॉर्डात राउंड घ्यायचे, परीक्षा द्यायच्या, जमलं तर झोपायचं, आणि या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत नऊ संशोधनं हातावेगळी करायची. पुष्कळ जण मध्ये एक आख्खं वर्ष फक्त संशोधनाला देतात. ते धरलं तरी दर 49 दिवसांनी एक पडतंच. प्लास्टिक सर्जरीचा आकडा 34.7, त्वचारोगाचा 27.7, ऑर्थोचा 23.8. सगळे त्याच 2024चे.

बरं, हे असं पूर्वीपासून होतं का? न्यूरोसर्जरीचीच पायरी पायरीने चढण पाहा. 2018 साली 18.3. 2020 साली 23.4. 2022 साली 25.5. आणि 2024ला एकदम 37.4. बँकेत 7 टक्क्यांनी मुदत ठेव ठेवली, तर पैसे दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात. हा आकडा सहा वर्षांत दुप्पट झाला. असा परतावा कुणी देऊ केला असता, तर आपल्या लोकांनी सातबारा गहाण टाकले असते.

एवढं काय झालं मध्ये? 26 जानेवारी 2022पासून अमेरिकेच्या डॉक्टरी परवान्यासाठीच्या ‘स्टेप 1’ या परीक्षेचे तीन आकडी गुण बंद झाले. आता नुसतं पास किंवा नापास. इतकी वर्षं अर्ज चाळायला हीच चाळणी हाताशी होती. ती गेली, आणि निवड करणाऱ्यांची नजर सीव्हीच्या त्या पानावर जाऊन बसली जिथे पेपर मोजता येतात. अर्थात चढण त्याआधीच सुरू झाली होती. 2022ने तिला फक्त वरचा गिअर टाकला.

पण थांबा, या 37.4च्या पोटात जरा हात घालून बघू. हे 37 छापलेले शोधनिबंध नव्हेत. उमेदवार आणि जागा जुळवणारा नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम हा आकडा काढतो तेव्हा परिषदेला पाठवलेला सारांश, भिंतीवर लावलेलं पोस्टर, व्यासपीठावरचं दहा मिनिटांचं भाषण आणि खरा पेपर, सगळं एकाच टोपलीत टाकतो. समजा वॉर्डात एक दुर्मीळ ट्यूमर आला. त्याचा सारांश पाठवला: एक. राज्य पातळीवरच्या परिषदेत पोस्टर लावलं: दोन. मोठ्या परिषदेत तेच तोंडी सांगितलं: तीन. शेवटी केस रिपोर्ट छापून आला: चार. पेशंट एक, गाठ एक, ओळी चार. अर्जात ‘अद्याप प्रकाशित न झालेले’ असाही एक रकाना असतो, म्हणजे नुसतं पाठवून दिलेलंही तिथे बसतं. आणि भरणार कोण? स्वतः उमेदवार. आपल्याकडच्या हॉस्टेलात ‘अरे, माझंही नाव टाक ना पेपरात’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना यात नवल वाटणार नाही.

नावं टाकण्याचा विषय निघालाच आहे, तर त्याचा जागतिक विक्रम बघा. 2021 साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त एक पेपर आला. शस्त्रक्रियेआधी पेशंटना कोविडची लस द्यावी का, हा विषय. 116 देश, 1,667 रुग्णालयं, 1,40,231 पेशंट. आणि लेखक? 15,025! काम अगदी खरं आणि मोलाचं. गिनीज बुकात नोंदही झाली. पण माणसं किती ते डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी सहाची, पाय ठेवायला जागा नसलेली बारा डब्यांची लोकल; अशा तीन लोकल गच्च भरतील एवढे लेखक. एक नाव वाचायला तीन सेकंद धरा. सीएसएमटीला डेक्कन क्वीनमध्ये बसून यादी वाचायला लागलात, तर पुणे येईल, गाडी परत मुंबईला येईल, पुन्हा पुण्याला जाईल, पुन्हा मुंबईच्या जवळ येईल, तेव्हा कुठे यादी संपेल. साडेबारा तास नुसती नावं!

आता अर्जाचा खर्च. 2024-25च्या हंगामात एका विषयातल्या पहिल्या 30 अर्जांना प्रत्येकी 11 डॉलर, पुढच्या प्रत्येकाला 30. शंभर ठिकाणी अर्ज टाकला की 2,430 डॉलर. डॉलर 85 रुपये धरला तर दोन लाख सहा हजार, आणि त्यात व्हिसा नाही, विमान नाही, परीक्षेची फी नाही. केईएम, जेजे, बीजेमधून तिकडे डोळे लावून बसणाऱ्या मुलांच्या घरी हा हिशेब जेवणाच्या ताटावर होतो. 2024 साली बाहेरच्या देशांत शिकलेल्या अशा परदेशी नागरिक उमेदवारांपैकी जागा मिळाली 58.5 टक्क्यांना.

आणि हे सगळे पेपर जातात कुठे? वैद्यकातल्या पेपरांची एक अवाढव्य सूची म्हणजे पबमेड. तिथल्या नोंदी 3 कोटी 70 लाखांच्या वर. प्रत्येक पेपरचं फक्त पहिलं पान छापून रुळाच्या कडेने ओळीत मांडत चला: 11,000 किलोमीटर. मुंबई-पुणे 192 किलोमीटर, म्हणजे ही वाट 57 वेळा! आता पेपर पूर्ण छापा. आठ पानं धरू, पाठपोट, म्हणजे चार कागद. गठ्ठा रचा एकावर एक. कळसूबाई गाठली. दुसरी कळसूबाई. तिसरी. पाचवीच्या पुढे एव्हरेस्ट मागे पडलं. नवव्या कळसूबाईला गठ्ठा थांबला! शिवाय दरवर्षी दहा लाखांहून जास्त नव्या नोंदी. तो एका वर्षाचाच ढीग खाली सोडायचा म्हटला तर साठ फुटी विहिरी एकाखाली एक किमान 22 खणाव्या लागतील.

वाचायचं म्हणता? एका पेपरला दहा मिनिटं द्या. जेवण नाही, झोप नाही. 704 वर्षं! आज संपवायचं असेल, तर वाचायला बसायला हवं होतं ते देवगिरीचं यादवांचं राज्य नुकतंच बुडालं होतं तेव्हा. आणि एक पेपर वाचून होईतो मागे 19 नवे येऊन उभे.

या पुरात गाळ येणारच. 2023 या एका वर्षात जगभरात 10,000हून जास्त पेपर मागे घेतले गेले. त्यातले 8,000हून जास्त हिंदावी या एकाच प्रकाशनाचे. वायली कंपनीने 2021 साली ते 29 कोटी 80 लाख डॉलरना विकत घेतलं होतं, 85च्या भावाने अडीच हजार कोटी रुपये. 2023च्या अखेरीस वायलीने हिंदावी हे नावच बंद करायचं ठरवलं.

आता आपल्या अंगणात या. डॉ. समीरन नंदी आणि सहकाऱ्यांनी 2005 ते 2014 या दहा वर्षांत भारतातल्या 579 वैद्यकीय संस्थांनी किती पेपर लिहिले ते मोजलं. सगळ्यांचे मिळून वर्षाला सुमारे दहा हजार. त्याच काळात बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचे वर्षाला 4,600 आणि मेयो क्लिनिकचे 3,700. दोनच नावं, आणि आपल्या आख्ख्या देशाच्या पाचातले चार हिस्से! 579पैकी 332 संस्थांनी दहा वर्षांत एकही पेपर काढला नव्हता.

नाही काढला तर विद्यार्थ्याचं बिघडतं काय? पदव्युत्तर प्रवेश ठरवणाऱ्या 2024च्या नीट पीजीला दोन लाखांहून अधिक डॉक्टर बसले. सहा वानखेडे स्टेडियम खच्चून भरतील एवढे. तिथे प्रश्न 200, गुण 800. पेपर, पोस्टर आणि परिषदेतलं भाषण या सगळ्यांना मिळून गुण शून्य.