ध्वनीची पदवी: वाट बारावीच्या फिजिक्सवरून

बारामती एमआयडीसीतल्या विद्यानगरीत, विद्या प्रतिष्ठानच्या आवारात, इंजिनिअरिंग आहे, आर्किटेक्चर आहे, कला-विज्ञान-वाणिज्य तर आहेच. ‘मला साउंड डिझाइन करायचंय’ म्हणणाऱ्या पोराला मात्र शंभरेक किलोमीटरवरचं पुणं गाठावं लागतं. तिथं लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनचा तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण बारावीला फिजिक्स लागतं. गळा कसा आहे, हे कुणी विचारत नाही.

ही संस्था 1960 साली उभी राहिली ती ‘प्रभात’च्या स्टुडिओत. कोल्हापुरात 1929 मध्ये निघालेली प्रभात कंपनी 1933 ला पुण्यात आली. तिच्या ध्वनी विभागाची धुरा विष्णुपंत दामल्यांकडे होती, आणि फत्तेलालांच्या जोडीनं 1936 चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला तोही त्यांनीच. पुढच्याच वर्षी शांतारामबापूंनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीताला रजा दिली, प्रसंगात जे आवाज असतील तेवढेच ऐकवायचे. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती! ‘साउंड डिझाइन’ हे नाव वॉल्टर मर्च यांच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’तल्या कामामुळे रुळलं, ते 1979 नंतर. काम आपल्याकडे त्याच्या चाळीस वर्षं आधी चालू होतं, असं मी तरी म्हणेन.

परदेशात याचं रीतसर शिक्षण जर्मनीतल्या डेटमोल्डला 1949 मध्ये सुरू झालं. इंग्लंडच्या सरे विद्यापीठातला ‘टोनमाइस्टर’ पदवी अभ्यासक्रम 1970 चा. तिथं संगीत आणि भौतिकशास्त्र एकाच वर्गात शिकवतात.

फिजिक्स कशाला लागतं, ते कीर्तनाच्या मोठ्या मांडवात कळतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. वायरीतला सिग्नल मात्र तत्क्षणी पोचतो. व्यासपीठाजवळच्या स्पीकरपासून 34 मीटर मागं दुसरा स्पीकर लावला, तर मागच्या श्रोत्याला जवळच्या स्पीकरमधून बुवांचा शब्द आधी येतो आणि पुढच्याचा सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा. अभंगाचं नुसतं खिचडं! उपाय सोपा: मागच्या स्पीकरला 100 मिलिसेकंदांचा डिले द्यायचा. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, त्यामुळे दुपारचा हिशेब रात्री किंचित बदलतो. ऑपरेटर हे कानानं जुळवतात. ते मोजूनही करता येणं, हा या शिक्षणाचा एक भाग.

दुसरा भाग जास्त अवघड. तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीचं गोल रिंगण रेकॉर्ड करायचं म्हणा. टाळ-मृदंग दणदणीत, अश्वांच्या टापा त्यामानानं पुसट, आणि उघड्या माळावरचा वारा थेट माइकवर. माइकला केसाळ आवरण घालायचं, एक माइक टापांच्या रोखानं जमिनीलगत, दुसरा गर्दीसाठी लांब, आणि सगळ्यात मोठा क्षण गृहीत धरून पातळी आधीच खाली ठेवायची. ‘फाटलेला’ आवाज नंतर शिवता येत नाही. सिनेमासाठी रेकॉर्डर सेकंदाला 48,000 वेळा आवाज मोजतो. त्यातून नेमकं काय ऐकवायचं, हे मात्र माणूस ठरवतो. धनगरांच्या आयुष्यावरच्या ‘ख्वाडा’साठी महावीर सबनवाल यांना लोकेशन साउंडचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 2014 च्या चित्रपटांमधून. रसूल पुकुट्टीही मूळचे फिजिक्सचेच विद्यार्थी. पुण्यात शिकले आणि 2009 मध्ये ‘स्लमडॉग मिल्यनेअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी ऑस्करच्या मंचावर गेले.

आता पर्याय. सरकारी संस्थांत पुण्याखेरीज कोलकात्याची सत्यजित रे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, 1995 पासूनची. दोन्हीकडं पदवीनंतर प्रवेश, तोही परीक्षेतून, आणि जागा मोजक्या. म्हणून मधली तीन-चार वर्षं बीएस्सी फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये घालवणं फुकट जात नाही. ती सोय बारामतीतच आहे. ज्याला गाण्याचं अंग धरायचंय त्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र बघता येईल. तिथं संगीताची पदवी मिळते, रेकॉर्डिंगचं कसब वेगळं कमवावं लागतं.

खासगी संस्थांचे म्युझिक प्रॉडक्शनचे कोर्स पुण्या-मुंबईत पुष्कळ आहेत. जाहिरातीत ‘डिग्री’ लिहिलेलं असलं तरी प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचं नाव येणार आणि त्याला यूजीसीची मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी विचारावं. शिवाय आठवड्याला प्रत्यक्ष स्टुडिओ किती तास हातात मिळतो, हेही. मिक्सरची बटणं फळ्यावर शिकता येत नाहीत.

तो सराव घराजवळही होतो. विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आणि माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी ही दोन सामुदायिक रेडिओ केंद्रं बारामतीचीच. शेतकऱ्याची मुलाखत शेतातच घ्यायची, मागं विहिरीवरची मोटार चालू, आणि तरी त्याचा शब्द न् शब्द स्वच्छ यायला हवा. एवढं जमलेली एक फाइल प्रवेशाच्या मुलाखतीला जवळ असलेली बरी.