बक्षीस-गुणांची योजना आणि ग्राहकाची संमती

मोठ्या दुकानांत बिल करण्यापूर्वी ग्राहकाचा मोबाईल क्रमांक विचारला जातो. तो दिला की खरेदीमागे गुण जमा होतात व पुढे त्यांवर सवलत मिळते. योजना सोयीची खरी, पण ती फुकट नव्हे. प्रत्येक खरेदी त्या क्रमांकाशी जोडली जाते आणि कालांतराने घरातील आजार, तान्हे मूल, कुटुंबाची ऐपत यांचे चित्र दुकानाच्या संगणकात उभे राहते.

वस्तूची विक्री व गुणांची योजना हे दोन वेगळे व्यवहार होत. क्रमांकाशिवाय विक्री नाकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना बजावले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट व बिनशर्त असावयास हवी. ती जितक्या सहजतेने दिली तितक्याच सहजतेने मागे घेता यावी आणि संमतीची विचारणा मराठीतूनही वाचावयास मिळावी, अशी तरतूद त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संमतीविषयक तरतुदींसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली आहे.

कायदा पुस्तकात राहून ग्राहकाचे रक्षण होत नाही. “क्रमांक न घेता बिल करा” एवढे निःसंकोच म्हणता येणे, हे शिक्षकांनी वर्गात व पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत आवर्जून सांगावे.