टॉवेल नेमका कोण फेकतो?

इंग्रजीत ‘थ्रो इन द टॉवेल’ म्हणजे हार मानून प्रयत्न सोडून देणे. मुष्टियुद्धात १९व्या शतकात टॉवेलऐवजी स्पंज फेकत. दोन्ही वस्तू मुष्टियोद्ध्याच्या कोपऱ्यातील साहाय्यकांच्या हाताशी असत. म्हणजे मुळात हा निर्णय लढणाऱ्याचा नव्हे, त्याची काळजी वाहणाऱ्याचा. रोजच्या बोलण्यात मात्र माणूस स्वतःच टॉवेल फेकतो, म्हणून या प्रयोगाला भित्रेपणाची छटा येते. शेवटपर्यंत झुंजण्यातच शौर्य आहे, असे कोणी म्हणेल. पण १९७५ साली मनिलात महंमद अलीविरुद्ध १४ फेऱ्यांनंतरही मुष्टियोद्धा जो फ्रेझरला लढायचे होते. त्याचे सुजून मिटत आलेले डोळे पाहून प्रशिक्षक एडी फच यांनी लढत थांबवली. फ्रेझरच्या शौर्याला त्यामुळे उणेपणा आला नाही. वेळेवर घेतलेली माघार ही जबाबदारीच असते.